ब्रेड नको, बटाटाही नको

माझ्या समोरची खुर्ची एका बाईनं उचलून नेली, एवढंच झालं. शेजारच्या टेबलावर माणसं जास्त झाली होती. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "इथे कुणी येणार नाहीये ना?" आणि मी नाही म्हणालो. विचारणं रीतीला धरून होतं, उत्तर खरं होतं, खुर्ची खाणावळीची होती. तरी ती ओढून नेताना फरशीवर जो आवाज झाला तो मला लागला. मिनियापोलिसमधली ही खाणावळ माझ्या सवयीची. गारांनी फुटलेली छपरं तपासून विमा कंपनीला नुकसान कळवायचं हे माझं काम, त्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस मी राज्यभर भटकत असतो. शहरात असलो की सकाळी इथेच येतो. काय हवं हे इथे मला सांगावं लागत नाही. बर्गरच्या चार पॅटी, पावाशिवाय. लोण्यात तळलेली अंडी. बाजूला आणखी लोणी. रोझान, म्हणजे इथे वाढणारी बाई, ताट ठेवता ठेवता समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, "काय राजा, जोडीदार पळून गेला वाटतं?" मी म्हणालो, खुर्ची गेली. "जाऊ दे की. तुला कुठे ती लागत होती," ती हसत म्हणाली आणि पाणी ओतून निघून गेली. माझ्यासमोर बसून बऱ्याच दिवसांत कुणी जेवलेलं नाही हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि खुर्ची जाणं वेगळं. मी पॅटी कापत राहिलो आणि मधूनमधून त्या जागेकडे बघत राहिलो. तिथे फरशीवर कुणाची तरी जुनी बडीशेपेची गोळी चिकटलेली होती.

मी फक्त मांस खातो. मांस, अंडी, लोणी, मीठ आणि पाणी. जमिनीतून उगवलेलं काही नाही. असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्या चेहऱ्यावर आजारपणाची खूण शोधतात आणि ती सापडली नाही की जरासे चिडतात. मी कुणाला हे करा म्हणून सांगत नाही. माझं एवढंच झालं की पन्नाशीच्या सुमाराला माझे गुडघे आणि बोटं अशी सुजायला लागली की शिडीवर चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. छपरावर चढू न शकणाऱ्या छप्पर-तपासनिसाचं कंपनी काय करते हे साहेबांनी मला गोड शब्दांत समजावून सांगितलं होतं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. मग कामावरच्या एकाचं ऐकून मी आधी पाव सोडला, मग बटाटा, मग एकेक करत सगळंच. तो हिवाळा संपायच्या आत मला मुठी आवळता येऊ लागल्या. स्वयंपाकघरात उभा राहून मी मुठी आवळत होतो, उघडत होतो आणि रडत होतो, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या डॉक्टरला ह्यातलं काहीच पटत नाही. तो माझा गुडघा दाबून बघतो, हूं म्हणतो आणि पुढचा पेशंट बोलावतो. बायको त्याच्या बऱ्याच आधी सोडून गेली होती, तेव्हा तिचं खापर मांसावर फोडता येत नाही.

घरी हे सोपं असतं. माणूस आणि तवा, तिसरं कुणी नाही. अवघड होतं ते बाहेर पडल्यावर. गाडीत बर्फाची पेटी, तिच्यात उकडलेली अंडी आणि थंड भाजलेलं मांस. खिशात मिठाची डबी. पेट्रोल पंपावरच्या सुक्या मांसात साखर असते हे वाचायला शिकलो. काही ठिकाणी ऑम्लेट फुगावं म्हणून त्यात पॅनकेकचं पीठ घालतात हे गुडघा दुखल्यावर शिकलो. मांस कशात मुरवलंय, कशात तळलंय, सॉसमध्ये मैदा आहे का, हे हसऱ्या चेहऱ्यानं विचारायचं असतं, नाहीतर समोरच्याला वाटतं आपण त्याच्या आईच्या हातावर शंका घेतोय. "ॲलर्जी आहे का?" असं विचारलं की हो म्हणायचं. आजाराला लोक मान देतात, मताला देत नाहीत. चार खाणावळी पालथ्या घातल्यावर माझ्या लक्षात आलं की ताट येतं तेव्हा त्यात एक मोकळी जागा असते, बटाट्याची जागा, आणि वाढणाऱ्याला ती बघवत नाही. कुणी तिथे कोथिंबिरीसारखी एखादी हिरवी काडी ठेवतं. कुणी न सांगता जास्तीची पॅटी देतं. एकदा फर्गस फॉल्सकडच्या एका म्हातारीनं तिथे स्वतःच्या हातानं फूल काढलेला कागदी रुमाल घडी करून ठेवला होता.

पण खरी पंचाईत खाण्याची नव्हतीच, नको म्हणण्याची होती. आमच्याकडे, म्हणजे मी वाढलो त्या उत्तरेकडच्या शेतकरी गावांत, कुणी काही पुढे केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. ते कुणी खरं धरत नाही. पुन्हा विचारलं की "नको, उगीच कशाला त्रास" म्हणायचं. त्यात थोडं हो मिसळलेलं असतं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अगदी थोडंसं" म्हणून घ्यायचं. कॉफी असो, बर्फात रुतलेली गाडी ढकलणं असो, आजारी शेजाऱ्याचं पीक काढून देणं असो, सगळं ह्याच वाटेनं जातं. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा हावरट. एकदाच विचारून थांबणारा चिकट. आणि तिसऱ्यांदाही नको म्हणणारा कोण, ह्याला आमच्याकडे शब्दच नाही, कारण तसं कुणी करत नाही. मी करायला लागलो. आमच्या आत्याला पुरल्यानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. खिमा, मटार, दाट सूप आणि वर बटाट्याचे तळलेले गोळे घालून भट्टीत भाजलेला तो पदार्थ आमच्याकडच्या प्रत्येक मयताला असतो. तो नसला तर माणूस नीट मेलं नाही असं धरतात. डाव हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईनं मला विचारलं, मी नको म्हणालो. पुन्हा विचारलं, नको. तिसऱ्यांदा तिनं डाव भरूनच पुढे आणला आणि मी ताट मागे घेतलं. डाव हवेत राहिला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता, दार समजून भिंतीला हात लावल्यावर होतो तसा. माझ्या मागे माझा मोठा भाऊ व्हर्लिन उभा होता. त्यानं आपलं ताट पुढे केलं आणि म्हणाला, "त्याचं पण माझ्यातच वाढ. घरचंच आहे सगळं." आणि दोघांचं खाल्लं. नंतर मला एक शब्द बोलला नाही.

खुर्ची गेली त्याच सकाळी, मी पैसे देत असताना, मार्लिसचा फोन आला. मार्लिस ही व्हर्लिनची बायको, माझी वहिनी. "शनिवारी आम्ही तळ्यावरच्या सपर क्लबात जेवायला जावं म्हणतोय," ती म्हणाली. "तू इकडे कुठे असलास तर. नसलास तर राहू दे." मी म्हणालो, असेन. "मुद्दाम येऊ नकोस हं." मी म्हणालो, मुद्दाम नाही. "रस्त्यात काम वगैरे असलं तरच म्हणते मी." मी म्हणालो, येतो मी. मग ती हवापाण्याचं बोलली, मक्याच्या पिकाचं बोलली आणि फोन ठेवता ठेवता आठवल्यासारखं करून म्हणाली, "अरे हो, त्या बर्गस्ट्रॉमांच्या जावयाला मिळाली बघ किडनी. त्यांच्या चर्चमधल्याच एका बाईनं दिली. ओळख ना पाळख. असतात बाई अशी माणसं." मी म्हणालो, असतात. "बरं, ठेवते मी. तुझं जेवण गार होत असेल." जेवण संपलं होतं, पण मी तसं सांगितलं नाही.

व्हर्लिनच्या दोन्ही किडन्या गेल्या वर्षी गेल्या. दिवसाआड तालुक्याच्या गावी जाऊन तो रक्त गाळणाऱ्या यंत्राला हात जोडून बसतो. तो स्वतःच असं म्हणतो, हात जोडून. यंत्राच्या वेळा आणि दूध काढायच्या वेळा जुळेनात म्हणून त्यानं गायी विकल्या. विकायच्या दिवशी मी आमच्याच राज्यातल्या अलेक्झांड्रियाला एका शाळेच्या छपरावर होतो. ह्या एवढ्या काळात त्यानं किंवा मार्लिसनं मला एकदाही विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाहीत. आमच्याकडे मागत नाहीत, देणाऱ्यानं पुढे करायचं असतं. मागणं म्हणजे समोरच्याला नको म्हणायची वेळ आणणं, आणि ते कुणी सभ्य माणूस करत नाही. त्याऐवजी बर्गस्ट्रॉमांचा जावई बरा होतो. मी मात्र उन्हाळ्यातच किडनी बदलणाऱ्या इस्पितळाच्या नंबरावर फोन केला होता, गाडीत बसून, काचा वर करून. पलीकडची नर्स प्रेमळ होती. वय विचारलं, वजन विचारलं, दारू विचारली, मग विचारलं, काय जेवता? मी सांगितलं. ती थांबली. "फक्त?" फक्त, मी म्हणालो. "मग असं करा," ती म्हणाली, "आधी काही महिने चारचौघांसारखं जेवा, मग आपण तपासण्या करू. आणि एक आत्ताच सांगून ठेवते. दिल्यानंतर एका किडनीवर असं रोज नुसतं मांस, आमचे डॉक्टर हो म्हणायचे नाहीत." मी तिचे आभार मानले. काच खाली केली तर बाहेर हवा आतल्याइतकीच गरम होती. म्हणजे व्हर्लिनला किडनी द्यायची तर मला माझे गुडघे परत करावे लागणार होते. बोटं परत करावी लागणार होती, शिडी, छप्पर, वरून दिसणारं गाव. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते द्यायला निघाल्यासारखं झालं असतं, किंवा न द्यायचं कारण शोधल्यासारखं, आणि ह्या दोन्हींतलं नेमकं काय होतं हे मला अजूनही सांगता येणार नाही.

शनिवारी दुपारी उत्तरेकडे निघालो. सप्टेंबरचं ऊन, सोयाबीन पिवळं पडलेलं, रस्ता सरळ. पेटीतलं एक अंडं सोलून खाल्लं. लहानपणी, घरी दुधाच्या गायी होत्या तेव्हा, पहाटे आम्ही दोघं भाऊ गोठ्यात असायचो. व्हर्लिन माझ्या वाट्याच्याही दोन गायींचं दूध काढायचा, कारण माझी बोटं थंडीनं आखडायची. आईला वाटायचं मी कामचुकार आहे. व्हर्लिन म्हणायचा, नाही गं, त्याच्या हाताला गायी दूध देत नाहीत. गायींवर ढकलायचा. गायींना काय, त्यांना कुणी विचारणार नव्हतं. आता दुधाच्या गायी नाहीत, पण मागच्या कुरणात तो चार-पाच बैल वाढवतो, मांसासाठी. मी असं खायला लागल्यापासून दर शरद ऋतूत त्यातल्या एका बैलाचा अर्धा भाग माझ्याकडे येतो, पांढऱ्या कागदात नीट बांधलेला. घ्यायला मी जातो तेव्हा तो म्हणतो, आम्हाला एवढं संपत नाही, तूच ने. त्यांना संपत नाही हे खरं नाही. दोन वर्षं मी घरी जे खाल्लं ते जवळजवळ सगळं त्यानं वाढवलेलं होतं. माझ्या मुठी ज्यानं आवळल्या ते मांस त्याच्या कुरणातलं होतं. हा विचार गाडी चालवताना मला नको होता, म्हणून रेडिओ लावला. रेडिओवर डुकरांचे भाव सांगत होते.

सपर क्लब, म्हणजे आमच्याकडची संध्याकाळच्या जेवणाची जुनी खाणावळ, होता तसाच होता. लाकडी भिंती, भिंतीवर पेंढा भरलेले मासे, खिडकीबाहेर तळं. इथे आधी बारजवळ बसायचं, तिथेच काय खायचं ते सांगायचं आणि टेबल लागलं की नाव पुकारतात. व्हर्लिन आधीच येऊन बसला होता. शर्टाची कॉलर त्याला मोठी झाली होती. चेहरा मळक्या पिवळसर रंगाचा, आणि यंत्रासाठी जोडलेली हाताची शीर दोरासारखी फुगलेली. ती झाकायला त्यानं बाही खाली ओढून घेतली होती, पण हस्तांदोलन करायला हात पुढे केला तेव्हा ती वर सरकली. "काय रे," तो म्हणाला, "येताना कुठे चरून आलास, का अजून वाघच आहेस?" मी म्हणालो, वाघच. "बरं झालं. इथे आज रिब आहे. नाहीतर तुला भिंतीवरचा मासा उतरवून द्यावा लागला असता." मार्लिस हसली. ती हल्ली त्याच्या प्रत्येक विनोदाला हसते, पूर्वी हसत नसे. मी बारवरच्या माणसाला माझं सांगितलं: भाजलेली रिब, म्हणजे बरगडीचं मांस, मोठा तुकडा, रस्सा नको, बटाटा नको, ब्रेड नको, फक्त मांस आणि लोणी. व्हर्लिननं सांगितलं: रिब, सगळ्यात लहान तुकडा, बटाटा नको, टोमॅटो नको, चीज नको, मीठ नको, आणि पाण्याऐवजी पेलाभर बर्फ. त्या माणसानं आळीपाळीनं आमच्याकडे बघितलं. "भाऊभाऊ का?" त्यानं विचारलं. मार्लिस म्हणाली, "दोघांचं मिळून एका माणसाचं जेवण होतं बघा." मग तिनं स्वतःसाठी मासा सांगितला, बटाट्यासकट.

नाव पुकारलं, टेबलावर गेलो. इथे टेबलावर आधी एक ताट येतं, गाजराच्या काड्या, मुळे, काकडीचं लोणचं, चीजची वाटी. ते मागावं लागत नाही आणि नाकारायची सोय नसते. मग र्‍होंडा नावाची वाढपी टोपलीतून गरम ब्रेड घेऊन आली. ती व्हर्लिनच्या वर्गात होती, त्यामुळे मलाही ओळखत होती. "घे रे एक, आत्ताच भट्टीतून काढलेत." नको, मी म्हणालो. "घे की, शहरात कुठे मिळतात असले." नको, खरंच नको. "अरे अर्धा तरी. मी लोणी लावून देते." मी म्हणालो, "र्‍होंडा, मी नाही खात." टोपली माझ्या खांद्याजवळ थांबली. माझ्या कानाला त्या ब्रेडची ऊब लागत होती. तेव्हा व्हर्लिन म्हणाला, माझ्याकडे न बघता, बर्फाचा तुकडा चमच्यानं फिरवत, "त्याचं तसंच आहे आता. तो नको म्हणतो तेव्हा त्याला खरंच नको असतं." र्‍होंडा म्हणाली, "हो का? वेगळंच आहे बाई." आणि टोपली घेऊन गेली. आमच्याकडे वेगळं म्हटलं की त्याच्यापुढे बोलायला काही उरत नाही. मी मांस कापू लागलो. आतून गुलाबी होतं, कडेला चरबीचा जाड पट्टा, अगदी मला हवं तसं, आणि त्याला कसलीही चव लागत नव्हती. व्हर्लिन काही टोचून बोलला नव्हता. त्याला टोचून बोलता येतच नाही. तो फक्त मी आता कसा आहे ते सांगत होता.

मार्लिसनं माशावर लिंबू पिळलं. मग ती लोण्याची वाटी माझ्याकडे सरकवत म्हणाली, "तुम्हा दोघांचा रक्तगट आईचाच ना रे?" मी हो म्हणालो. "हूं," ती म्हणाली. "बरं असतं ते." आणि खिडकीबाहेर बघू लागली. तळ्यावर कुणीतरी होडी किनाऱ्याला ओढत होतं. लोण्याची वाटी माझ्यासमोर होती. मी ऐकलं, माझाच आवाज म्हणत होता, "मी देईन की एक. दोन आहेत माझ्याकडे." कॉफी ओतू का विचारतात त्या सुरात. व्हर्लिन लगेच म्हणाला, "छे छे. वेडा आहेस का. तुला लागतात त्या." आणि मांसाचा तुकडा तोंडात घातला. सगळं रीतसर झालं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटली, पण बरं वाटणं आधी आलं.

दुसऱ्यांदा विचारायला मला माझं मांस निम्मं संपेपर्यंत वेळ लागला. त्या वेळात मी काय विचार करत होतो म्हणाल तर त्याच्या आजाराचा नाही. मी शिडीचा विचार करत होतो. उन्हानं तापलेल्या शिडीची पायरी तळव्याला लागते ते, वर पोचल्यावर गुडघा सरळ होतो ते, छपरावर गारेनं पाडलेला एकेक खळगा अंगठ्यानं चाचपायचा ते. ह्याच अंगठ्यानं दोन वर्षांपूर्वी मला शर्टाची गुंडी लावता येत नव्हती. सकाळी पलंगाच्या कडेवर बसून पाय जमिनीला टेकवायच्या आधी मी स्वतःशी बोलायचो, घोड्याशी बोलावं तसं, चल बाबा, चल राजा. ते परत हवं होतं का? नव्हतं. समोर माझा भाऊ बर्फ चोखत होता, कारण त्याला पाणी प्यायची मुभा नव्हती, आणि मला ते परत नको होतं. एवढं स्पष्ट मी ह्याआधी स्वतःला कधी सांगितलं नव्हतं. आणि त्याच वेळी, त्याच टेबलावर, मला तो नसलेलं जग दिसलं: कुरण होतं, बैल होते, मार्लिस पांढऱ्या कागदाला दोरी बांधत होती आणि ती गाठ तिला येत नव्हती. मी सुरी खाली ठेवली. "व्हर्लिन, मी गमतीत नाही म्हणालो," मी म्हणालो. "तपासून तरी घेतो. बघू जुळते का." ह्या वेळी त्याचा बर्फाचा तुकडा गालात इकडून तिकडे गेला. मग म्हणाला, "नको रे. उगीच कशाला तुला त्रास. तुझे गुडघे आत्ता कुठे बरे झालेत." त्याला नर्सचं बोलणं माहीत असायचं कारण नव्हतं. त्याचं त्यानं ओळखलं होतं, किंवा कुणाला तरी विचारलं होतं, आणि विचारलं असेल तर किती दिवसांपूर्वी? मार्लिसचा काटा ताटावर थांबला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, ताटाकडेही बघत नव्हती.

आता तिसऱ्यांदाची वेळ होती. हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं. पहिल्या दोन वेळा फुकट असतात. त्यांत देणाऱ्याचं काही जात नाही आणि घेणाऱ्याचा मान राहतो. तिसऱ्यांदा विचारायचं ते द्यायचं असेल तरच. मी तोंड उघडलं असतं की नाही मला ठाऊक नाही, कारण र्‍होंडा आली आणि म्हणाली, "गोड काय आणू? आइस्क्रीम घालून ते हिरवं पेय करतोय आज." व्हर्लिन म्हणाला, नको. मार्लिस म्हणाली, नको. मला तिनं विचारलंच नाही. तिनं ताटं उचलली, मी तिच्या हातात माझं ताट नीट देता यावं म्हणून बराच वेळ घेतला, आणि ती गेली तेव्हा ती वेळही गेली होती. मार्लिस पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. तिच्या मानेवर लाल डाग उमटले होते. व्हर्लिन मक्याबद्दल बोलू लागला, शेजाऱ्याच्या नव्या ट्रॅक्टरबद्दल बोलू लागला, अगदी सहज, माझी अडचण होऊ नये म्हणून. त्याच्या त्या सहजपणाचा मला राग आला. माणसानं एकदा तरी टेबलावर मूठ आपटावी, म्हणावं, दे मला, मला मरायचं नाहीये. पण तसं म्हणणारा माणूस आमच्या घरात जन्माला आलेला नाही, आणि म्हटलं असतं तर मीच म्हणालो असतो, वेगळंच आहे बाबा.

निरोप घ्यायला आमच्याकडे वेळ लागतो. व्हर्लिननं दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली, "बरं, चला मग," असं म्हणाला आणि आम्ही आणखी थोडा वेळ बसलो. मग दाराजवळ उभे राहून बोललो. मग बाहेर, गाड्यांजवळ. ऊन तळ्याच्या पलीकडे उतरलं होतं आणि हवेत कुजक्या पानांचा वास होता. मार्लिस त्यांच्या गाडीत जाऊन बसली. दार उघडंच ठेवलं. व्हर्लिननं गाडीच्या मागच्या भागातून बर्फाची पेटी काढली. चालताना तो ती मांडीवर टेकवून चालत होता. "थोडं मांस आणलंय तुझ्यासाठी. हृदय आहे, जीभ आहे, थोडी चरबी." मी म्हणालो, नको, किती देशील, मागचंच आहे अजून. "ने रे. आम्ही कुठे खातो जीभ." मी म्हणालो, राहू दे, तुला उचलायला लागतंय. "लॉवेल," त्यानं माझं नाव घेतलं, "ने म्हणतो ना." आणि मी म्हणालो, बरं, आणि पेटी घेतली. ती जड होती. त्याला धाप लागली होती, ती लपवायला तो माझ्या गाडीच्या टपावर हात ठेवून तळ्याकडे बघत उभा राहिला. त्यानं मला तीनदा विचारलं होतं. त्याला दुसरं कसं वागायचं ते माहीतच नव्हतं.

मी गाडीत बसलो, काच खाली केली. तो खिडकीशी वाकला. "हरणं बघून चालव," तो म्हणाला. "संध्याकाळची एकदम आडवी येतात." आमच्याकडे प्रेमाचं ह्याहून जास्त कुणी बोलत नाही. मी किल्ली फिरवली नाही. त्याचा हात खिडकीच्या कडेवर होता आणि फुगलेल्या शिरेत रक्त वाहताना थरथरत होतं, ते बाहेरूनही दिसत होतं. मी त्या हाताकडे बघत म्हणालो, "व्हर्लिन. किडनीचं. मी देतो म्हणतोय." माझा आवाज कोरडा होता, त्यात काही भावना नव्हती, भीती सोडून. त्यांच्या गाडीच्या उघड्या दारातून मार्लिसचा एक पाय बाहेर आला होता आणि तसाच जमिनीपासून वर थांबला होता. व्हर्लिननं टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.

"बरं," तो म्हणाला. "तुला फार त्रास होणार नसेल तर."

"छे," मी म्हणालो. "त्रास कसला त्यात."